काळ्या पडद्यानंतरची नावं

सेसिल चेऊलकरांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची बायको जॉयस चारचौघांत सांगायची. ते खरं नव्हतं. कारण असायचंच, फक्त दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात केसाएवढा धागा थरथरला, तर तीनशे माणसांत तो एकट्या सेसिलना दिसायचा. मग केबिनमध्ये कुणाच्या तरी नावानं बोटं मोडणं सुरू व्हायचं. कधी लॅबच्या, कधी ट्रकवाल्याच्या, तर कधी आधीच्या थिएटरातल्या ऑपरेटरच्या.

टोरांटोच्या एटोबिको भागातल्या लिन्डेन सिनेमात ते एकवीस वर्षं ऑपरेटर होते. त्याआधी बारा वर्षं त्यांनी एअरपोर्टजवळच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या बादल्यांना कड्या बसवल्या होत्या, आणि त्याच्याही आधी, मुंबई सोडण्यापूर्वी, सोळा वर्षं गिरगावातल्या एका थिएटरात मशीन चालवलं होतं. कॅनडात उतरल्यावर नोकऱ्या देणाऱ्या ऑफिसातल्या बाईनं विचारलं, कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का? सेसिलनी उलट विचारलं, इथे पडदा वेगळ्या दिशेला असतो का? बादल्यांचं काम त्यांना लगेच मिळालं.

गिरगावात शिकलेल्या दोन गोष्टी मात्र त्यांच्या हातातून कधी गेल्या नाहीत. पहिली स्लाइडची. त्या काळी इंटरव्हलमध्ये पडद्यावर निरोप दाखवावे लागत. कुणाच्या घरून माणूस धावत आलेला असे, कुणा डॉक्टरला बोलावणं असे. मग काचेचा चौकोनी तुकडा घ्यायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरून त्यावर काजळी बसवायची आणि दाभणानं अक्षरं खरवडायची. काच यंत्रात घातली की काळ्यावर पांढरा निरोप हातहातभर अक्षरांत पडद्यावर उभा राही. सेसिलचं अक्षर इतकं सुरेख, की थिएटरच्या मालकानं मुलीच्या लग्नपत्रिकांवरचे पत्तेही त्यांच्याकडूनच लिहून घेतले होते.

दुसरी गोष्ट खेळ संपवायची. शेवटचा प्रसंग झाला, पडदा काळा पडला, की एका हातानं मशीनचं उजेड अडवणारं शटर पाडायचं आणि दुसऱ्या हातानं हॉलचे दिवे चढवायचे. तिकडे लोक आधीच उठलेले असत आणि दारवान कड्या काढून उभा असे. लिन्डेनच्या मॅनेजरला, डगलाही नेमकं हेच हवं होतं, कारण दोन खेळांच्या मध्ये सांडलेलं पॉपकॉर्न झाडायला त्याच्याकडे वीसच मिनिटं असत. रिळावर थोडी फिल्म उरायची. पण ती प्रत्येकच पिक्चरला उरते. शिंपी, सुतार, केस विंचरणारे, गाड्या हाकणारे, असल्या लोकांची नावं असतात तीत. सेसिलनी ती कधी वाचली नव्हती.

आणि हे त्याच माणसाचं, जो नावांसाठी अख्ख्या समाजाला वेठीला धरायचा. टोरांटोत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंची घरं मोजकीच. ती किपूरच्या उपासाला एका कम्युनिटी सेंटरचा हॉल भाड्यानं घेऊन जमायची. तिथे हश्काबा म्हणायचा, म्हणजे घरोघरच्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना करायची, हे काम सेसिलचं. एका वर्षी नव्या सेक्रेटरीनं, नंदन त्याचं नाव, वेळ वाचावा म्हणून जुनी नावं काढून यादी एका पानात बसवली आणि शेवटी लिहिलं, "व इतर सर्व." सेसिलनी ते पान त्याच्या हातात परत दिलं.

"हे इतर सर्व कोण?"

"अंकल, लोक चोवीस तास फास्टिंग करतायत. जस्ट टु सेव्ह टाइम."

"त्यांना संध्याकाळी जेवायला मिळणार आहे. ज्यांना तू यादीतनं काढलंस, त्यांना काय मिळणार आहे? नाव गाळायचा हक्क तुला दिला कुणी?"

मग खिशातली जुनी वही काढून त्यांनी सगळीच्या सगळी नावं वाचली. दोनशे अकरा. प्रत्येक नाव बापाच्या नावासकट, अमक्याचा मुलगा अमका, असं. उपासानं टेकीला आलेली माणसं खुर्च्यांना धरून उभी होती, आणि जॉयस खाली मान घालून चपलांकडे बघत होती.

तर अशा माणसाच्या केबिनमध्ये २००९च्या एप्रिलमध्ये तो इटालियन पिक्चर आला.

पिक्चर तिकडच्या एका बड्या पुढाऱ्यावर होता. या पुढाऱ्यानं चाळीस वर्षं खुर्ची सोडली नाही. त्याच्या वाटेत आलेली माणसं एकेक करून मरत गेली, आणि त्यांतल्या एकाही मरणाचा डाग त्याच्या कोटाला लागला नाही. बक्षिसं मिळालेली, पेपरांत पाच पाच तारे. आसपास इटालियन वस्ती दाट, म्हणून डगनं दोन आठवड्यांसाठी तो आणला. पहिल्याच खेळाला सेसिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, न्हाव्याच्या खुर्चीत माणसाला गोळ्या घालतात, आणि मागे काय वाजतं? ट्रम्पेट!" घरी येऊन ते जॉयसला सांगत होते. "तोंडावरचा साबण हळूऽऽ हवेत उडतो. लोक खाली बसून हसतात. हसतात! आणि तो पुढारी! काय ते त्याचं चालणं, काय ते त्याचे टाय! मारणारा नटवून ठेवलाय नवरदेवासारखा, आणि मरणारे म्हणजे त्याच्या वरातीतले फटाके."

"अहो, आवडत नाही तर नका बघू."

"मी बघत नाही, मी चालवतो."

सगळ्यांत जास्त राग त्यांना न्यायमूर्तींच्या मोटारीच्या प्रसंगाचा होता. एक न्यायाधीश त्या पुढाऱ्याची चौकशी करत असतो. तो मोटारीत बसतो. पुढे ड्रायव्हर. ड्रायव्हरची फक्त मान दिसते, करड्या कोटाची कॉलर आणि नुकतेच कापलेले केस. मग स्फोट. न्यायाधीशांची टोपी वर उडते, गोल गोल फिरते, वाल्ट्झ नाचाच्या तालावर रस्त्यावरून घरंगळत जाते. टोपी चार बाजूंनी चार वेळा दाखवली होती. ड्रायव्हरचं काय झालं, ते एकदाही दाखवलं नव्हतं.

त्या रागाला कारण होतं. सेसिलच्या शेजारी, ड्राइव्हवेच्या पलीकडे, अस्सुंता राहत असे. चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा, आयुष्यभर शिवणकाम केलेली. वीस वर्षं सेसिल तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करत होते, आणि प्रार्थनेच्या हॉलमध्ये तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, कपाटावर जो निळा मखमली पडदा होता, तो तिनं शिवून दिला होता. तिचा धाकटा भाऊ कार्मिने तिकडे एका न्यायाधीशाचा ड्रायव्हर होता. हाच न्यायाधीश, हीच मोटार. त्या स्फोटात गेला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्या न्यायाधीशाच्या नावाचा तिथे चौक आहे, शाळा आहे. कार्मिनेची फक्त घरातली एक तसबीर होती, आणि ती अस्सुंताच्या फ्रिजवर होती.

पिक्चर लागल्यावर पहिल्याच रविवारी ती मॅटिनीला आली. काळा ड्रेस, काळे मोजे, गळ्यात मोत्यांची माळ, जशी ती दरवर्षी चर्चमध्ये त्याच्या नावाच्या मिस्साला जाई. इटालियन पेपरात तिनं वाचलं होतं की शेवटी मेलेल्यांची नावं येतात. सेसिलनी केबिनच्या झरोक्यातून तिला बघितलं. तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेली. सवयीप्रमाणे पडदा काळा झाला, सेसिलचा एक हात शटरवर गेला, दुसरा दिव्यांवर. लोक कोट चढवत निघाले. ती जरा वेळ बसून राहिली, मग झाडूवाल्या पोरीनं एक्स्क्यूज मी म्हटल्यावर उठली.

संध्याकाळी ड्राइव्हवेत तिनं विचारलं, "सेसिल, नावं येणार होती ना?"

"नावं? मी आठ खेळ चालवलेत, अस्सुंता. काही नावंबिवं नाहीत. तुझ्या पेपरवाल्यानं पिक्चर बघितलाच नसेल."

"कदाचित नसतील घातली," ती म्हणाली आणि रिकामा रीसायकलिंगचा डबा उचलून आत गेली.

आता तर सेसिलना रान मोकळं मिळालं. टोपीला चार शॉट, आणि मेलेल्यांना दोन ओळीही नाहीत! ते डगला बोलले, ग्रोसरीच्या रांगेत भेटलेल्या एका गुजराती ओळखीच्या माणसाला हिंदीत बोलले, आणि दुसऱ्या आठवड्यात बुधवारी सकाळी किचनर गावाहून मुलीचा, हदासाचा, फोन आला तेव्हा तिलाही बोलले.

"डॅड, इट्स सटायर. इट्स सपोज्ड टु बी स्टायलिश."

"स्टाइल कर ना! पण माणसं मारल्यावर निदान नावं तरी दे!"

"बट देअर आर नेम्स. आम्ही इथे बघितला लास्ट वीक. स्क्रीन ब्लॅक होते फॉर लाइक टेन सेकंड्स, अँड देन देअर्ज दिस लिस्ट. नो म्युझिक, नथिंग. टू फुल मिनिट्स. आय क्राइड, डॅड."

सेसिलनी फोन जॉयसच्या हातात दिला. दहा सेकंदांचा काळोख. दहा सेकंद थांबायला त्यांच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं.

न्याहारी न करताच ते लिन्डेनला गेले. सकाळचे दहा वाजले होते, हॉलमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी शेवटचं रीळ चढवलं. पुढारी चर्चमध्ये गुडघे टेकतो, वर बघतो, काळोख. सेसिलनी दोन्ही हात पाठीमागे धरले, स्वतःचेच हात चोर असल्यासारखे. आणि मग, जराही आवाज न करता, काळ्यावर पांढरी नावं वर सरकू लागली. नाव, गाव, वर्ष. नाव, गाव, वर्ष. बारा दिवस, रोज, ही माणसं इथवर येत होती आणि सेसिल चेऊलकर त्यांच्या तोंडावर दार आपटत होते. यादी छाटणाऱ्या नंदनला हक्काचं विचारणारा हाच तो माणूस! त्या पोरानं निदान एक पान तरी ठेवलं होतं.

डोळे पुसत ते झरोक्याला चिकटून उभे राहिले. बँकवाला आला, दोन पत्रकार आले, एक आमदार, एक पोलीस अधिकारी. मग न्यायमूर्ती आले, पूर्ण नावानिशी. त्यांच्याखाली एक ओळ होती. इटालियन येत नसलं तरी खाली इंग्रजी भाषांतर होतं.

"आणि त्यांचा ताफा."

सेसिलनी रीळ मागे घेतलं, पुन्हा चालवलं. मग मशीन थांबवून टॉर्चच्या उजेडात फिल्म हातात धरून पाहिली. ताफा. मोटारीला कुत्री असावीत तसा. व इतर सर्व! म्हणजे ज्यांनी पुढाऱ्याच्या पापांचा पाढा वाचायला एवढा मोठा पिक्चर काढला, त्यांनाही ड्रायव्हरचं नाव शोधायचे कष्ट झाले नाहीत. पुढाऱ्याच्या चष्म्याची काडी कुठल्या दुकानातली, हे त्यांनी शोधलं असेल. टोपीसाठी टोपीवाला आणला असेल. सव्वीस वर्षांच्या माणसाची मान दाखवली, आणि त्या मानेवरच्या डोक्याला नाव नाही. आपलं चुकलं म्हणून आलेलं रडू तिथेच आटलं, आणि सेसिलना आजवरच्या आयुष्यात आला नव्हता असा राग आला.

दुपारी डग आल्याबरोबर त्यांनी सांगितलं. उद्या गुरुवार, शेवटचे खेळ. उद्या यादी पूर्ण चालणार. दिवे लागणार नाहीत.

डग वाईट माणूस नव्हता. एकोणतीस वर्षांचा, घाईतला. "सेसिल, नऊला हॉकीची डॉक्युमेंटरी आहे, सोल्ड आउट. लाइन बाहेर पार्किंगपर्यंत जाणार. ब्लॅक झालं की लाइट्स अप, लाइक ऑलवेज."

"दोन मिनिटांची नावं आहेत."

"कम ऑन. नावं कोण वाचतं?"

सेसिलनी त्याच्याकडे बघितलं आणि ते एक शब्दही न बोलता वर गेले. इतकी वर्षं हा माणूस बोलला नाही असं कधी झालं नव्हतं, हे डगच्या लक्षात आलं असतं तर पुढचं टळलं असतं.

संध्याकाळी ते अस्सुंताच्या दारात उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "नावं आहेत, अस्सुंता. मीच शटर पाडत होतो. रोज. तू आलीस त्या दिवशीही. उद्या पावणेसातला ये."

तिनं स्टोव्हवरचं भांडं उतरवलं. रागावली नाही, ते सेसिलना जास्त लागलं. "कार्मिने आहे?" तिनं विचारलं.

सेसिलना खोटं बोलता येत नसे. "उद्या असेल," ते म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय होतं?"

"रोक्को. का?"

"आमच्याकडे लागतं."

घरी येऊन त्यांनी जॉयसकडे मेणबत्ती मागितली. तिनं शब्बाथच्या, शुक्रवारी संध्याकाळी लावायच्या, मेणबत्त्यांतली एक दिली. केबिनच्या कोपऱ्यात स्लाइडचं जुनं यंत्र कापडाखाली झाकलेलं होतं. दर ख्रिसमसला सेसिल ते तेल घालून चालवून बघत, डग हसायचा. त्यात बसेल एवढी काच त्यांनी जुन्या फोटोच्या फ्रेममधून कापली. किचन टेबलावर बसून तिच्यावर काजळी धरली आणि जॉयसच्या रफू करायच्या सुईनं अक्षरं खरवडली. तीन काचा वाया गेल्या. अडुसष्टाव्या वर्षी अक्षर पहिल्यासारखं वळत नाही. चौथी जमली. जॉयस स्टोव्हला टेकून उभी होती.

"नोकरी जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"मग अक्षर नीट काढा," ती म्हणाली, आणि दिवा त्यांच्या बाजूला सरकवला.

गुरुवारी पावणेसातच्या खेळाला दीडशे माणसं होती. अस्सुंता तिसऱ्या रांगेत, तोच काळा ड्रेस. तिच्या शेजारी जॉयस. सेसिलनी केबिनची कडी आतून लावली. न्हाव्याच्या खुर्चीला लोक हसले, टोपीला हसले, पुढाऱ्याच्या एका खोचक वाक्याला तर कुणी टाळीही वाजवली. हसा, सेसिल मनात म्हणाले, हसून घ्या.

पडदा काळा झाला. लोक उठू लागले, कोटांच्या बाह्या शोधू लागले. दिवे लागले नाहीत. कुणीतरी अंधारात म्हणालं, काय झालं? मग पहिलं नाव आलं. उभे राहिलेले अर्धे कोट चढवून तिथेच थबकले. काही खाली बसले. दारापर्यंत गेलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. हॉलमध्ये फक्त मशीनचा आवाज येत होता.

दुसऱ्या मिनिटाला जिन्यावर डगचे पाय वाजले, मग दारावर मूठ. "सेसिल! लाइट्स!"

बँकवाला, पत्रकार, पोलीस. न्यायमूर्ती. आणि त्यांचा ताफा. ती ओळ वर सरकून गेली तेव्हा अस्सुंताचं डोकं किंचित खाली झालं. तिथून वरूनही सेसिलना ते दिसलं. पडद्याच्या कोपऱ्यातला धागा दिसणारा माणूस तो. शेवटचं नाव गेलं, पडदा पुन्हा काळा झाला, आणि या वेळी त्यांच्या एका हातानं शटर पाडलं खरं, पण दुसरा हात दिव्यांकडे गेला नाही. त्यानं काच यंत्रात सरकवली.

काळ्यावर पांढरं. बाकीच्या नावांइतकंच मोठं, किंवा थोडं मोठंच, कारण यंत्र जुनं होतं आणि सेसिलनी ते मुद्दाम कमी केलं नाही.

कार्मिने, रोक्कोचा मुलगा. ड्रायव्हर. वय सव्वीस.

खाली अस्सुंता उभी राहिली. एक हात जॉयसच्या खांद्यावर ठेवून ती नुसती उभी राहिली, आणि मग तिच्या मागच्या रांगेतली दोन माणसं, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तीही उभी राहिली. सेसिलनी झरोक्याला तोंड लावून हश्काबाचे शब्द म्हटले, मोठ्यानं नाही, पण पूर्ण. काजळी तापून जळका वास यायला लागला तोवर त्यांनी काच हलवली नाही.

मग दिवे चढवले आणि कडी काढली. डग लालबुंद होऊन आत आला. बाहेर पार्किंगपर्यंत लाइन, पॉपकॉर्न झाडायचं राहिलेलं, आणि हे काय चाललंय? "हू द हेल वॉज दॅट, सेसिल? शेवटी ते नाव कुणाचं? तो माणूस सिनेमात नाहीये!"

सेसिल काच फडक्यात गुंडाळत होते. खाली अस्सुंताला द्यायची होती.

"आहे," ते म्हणाले. "चौथं रीळ. पाठमोरा बसलाय. तुम्ही सगळे टोपी बघत होता."